न्यूटनने न बांधलेला पूल

केंब्रिजला कॅम नदीत नावेतून फिरायला निघालं की नाव नीट धारेला लागायच्या आत एक गोष्ट कानावर पडते. समोर लाकडी पूल दिसतो, नाववाला बांबू रोखून धरतो आणि सांगतो, हा पूल आयझॅक न्यूटनने बांधला, एकही खिळा न ठोकता. पुढे विद्यार्थ्यांनी किंवा प्राध्यापकांनी (हे नाववाल्यावर अवलंबून) तो कसा उभा आहे हे पाहण्यासाठी खोलला आणि मग कुणालाच परत जोडता येईना, म्हणून नट-बोल्ट मारावे लागले.

यातलं काहीही खरं नाही. न्यूटन 1727 साली वारला. पूल बांधला गेला 1749 मध्ये. तरीही गोष्ट टिकली आहे, कारण ती ऐकायला बरी वाटते. खरी हकीकत त्याहून रंजक आहे, असं माझं मत आहे. ती एका सुताराची आणि एका बांधकाम करणाऱ्याची आहे, आणि ती समजून घ्यायची तर पूल ज्या कॉलेजच्या आवारात आहे, त्या क्वीन्स कॉलेजपासून सुरुवात करावी लागते.

कॉलेज म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज म्हणजे वर्ग, प्रयोगशाळा आणि हजेरीपट. केंब्रिजची रचना वेगळी आहे. तिथे 31 कॉलेजं आहेत. व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदव्या हा विद्यापीठाचा कारभार. राहणं, जेवणं, ग्रंथालय, प्रार्थनागृह आणि दोन-तीन विद्यार्थ्यांना घेऊन शिक्षकाने चालवलेली शिकवणी हे कॉलेजचं काम. प्रत्येक कॉलेज ही स्वतंत्र संस्था आहे, तिची स्वतःची मालमत्ता आहे, तिजोरी आहे, प्रवेशाचा अधिकार आहे. भौतिकशास्त्र आणि लॅटिन शिकणारे विद्यार्थी एकाच जिन्यावर शेजारी राहतात. एका अर्थी वसतिगृह, एका अर्थी मठ, एका अर्थी जुनं संस्थान.

पाहायला जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आपण संग्रहालयात नसतो, कुणाच्या तरी राहत्या घरात असतो. चौकातल्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, हा नियम पाहुण्यांइतकाच तिथल्या बहुतेक विद्यार्थ्यांनाही लागू असतो.

दोन राण्या आणि एक धोरणी पाद्री

क्वीन्सची स्थापना 1448 ची. सहाव्या हेन्रीने शेजारीच किंग्ज कॉलेज काढलं होतं. त्याची राणी मार्गारेट ऑफ आंजू हिने हे कॉलेज काढलं. पण खरी धडपड होती अँड्र्यू डोकेट या स्थानिक धर्मगुरूची. तो कॉलेजचा पहिला अध्यक्ष.

लवकरच इंग्लंडात लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांमध्ये गादीसाठी युद्ध पेटलं. हेन्री पदच्युत झाला, मार्गारेट परागंदा झाली. अशा वेळी पडलेल्या राणीचं कॉलेज टिकणं कठीणच. डोकेटने नव्या राजाच्या राणीला, एलिझाबेथ वुडव्हिलला, गाठलं आणि 1465 मध्ये तिने कॉलेजला नव्याने आश्रय दिला. एकमेकींच्या वैऱ्यांच्या घरातल्या दोन राण्या एकाच संस्थेच्या संस्थापक ठरल्या, आणि डोकेट मात्र 1484 मध्ये मरेपर्यंत खुर्चीवर कायम राहिला. आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांनाही त्याच्याकडून चार गोष्टी शिकता याव्यात.

राण्यांनी काढलेल्या या कॉलेजात मुलींना प्रवेश मिळायला मात्र 1980 साल उजाडलं.

जुना चौक आणि चंद्रावरचं घड्याळ

लाल विटांचा जुना चौक पंधराव्या शतकाच्या मध्यातला, कॉलेजच्या पहिल्या काही वर्षांत बांधलेला. मध्ययुगीन कॉलेजची सगळी अंगं इथे एका चौकोनात दिसतात: दरवाज्याचा बुरूज, ग्रंथालय, प्रार्थनागृह, भोजनगृह, खोल्या. इथे घाई करू नका. विशेषतः भिंतीवरच्या रंगीत छायाघड्याळासमोर थांबा.

आत्ताचं घड्याळ 1733 चं आहे. त्याआधी त्याच भिंतीवर 1642 मध्ये एक रंगवलेलं होतं. तेही न्यूटनचंच, असं सांगणारे भेटतात. 1733 मध्ये न्यूटनला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि 1642 च्या नाताळात तो नुकता जन्मला होता, तेव्हा दोन्हीकडून हिशेब चुकतो.

भिंतीतून निघालेल्या धातूच्या दांडीची सावली वेळ दाखवते. दांडीवर एक छोटा गोळा आहे. त्याची सावली कोणत्या वक्ररेषेवर पडते, त्यावरून सूर्य कोणत्या राशीत आहे, क्षितिजापासून किती वर आहे, दिवस किती मोठा आहे असं बरंच काही वाचता येतं. उन्हाळ्यात ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे करतात, त्याची खबर अर्थात या भिंतीला नसते.

खरी गंमत खाली लिहिलेल्या आकड्यांच्या तक्त्यात आहे. त्याच्या मदतीने रात्री चांदण्यात पडलेल्या सावलीवरूनही वेळ काढता येते. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून त्या रात्री सावलीने बारा दाखवले की मध्यरात्र झाली असं समजायचं. पुढच्या प्रत्येक रात्री चंद्र मागे पडत जातो. किती? पंधरा दिवसांत बारा तास, म्हणजे दिवसाला 48 मिनिटं. पौर्णिमेनंतर पाच दिवसांनी सावलीने बारा दाखवले तर त्यात चार तास मिळवायचे. पौर्णिमेच्या पाच दिवस आधी असेल तर चार वजा करायचे. संकष्टीला चंद्रोदयासाठी ताटकळत बसणाऱ्या घरांत हा हिशेब समजावून सांगायची गरज पडू नये. तिथी माहीत असली की तक्ता न पाहताही काम भागतं. 48 हा आकडा ढोबळ आहे, चंद्र इतका शिस्तीत चालत नाही, पण रात्री खोलीवर परतायची वेळ झाली का हे कळायला तो पुरेसा होता.

लाकडी सज्जा आणि तक्रारखोर पाहुणा

जुन्या चौकातून भोजनगृह आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळाने पलीकडे गेलं की दुसरा चौक लागतो. त्याच्या कडेने कमानींची ओवरी आहे आणि एका बाजूला ओवरीवर पेललेलं अध्यक्षांचं निवासस्थान, सोळाव्या शतकाच्या अखेरचं. लाकडी चौकट उभारून मधल्या जागा गिलाव्याने भरायच्या, अशी त्याची घडण आहे. शतकानुशतकं ही लाकडं प्लास्टरखाली झाकलेली होती, ती विसाव्या शतकात उघडी केली. काळपट लाकूड, पांढरी भिंत, पुढे झुकलेल्या खिडक्या. केंब्रिजमधला हा माझ्या लेखी सगळ्यात देखणा चौक. किंग्जच्या भव्य चॅपेलसमोर माणूस दबून जातो, इथे तसं होत नाही.

विद्वानशिरोमणी इरॅस्मस सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये ग्रीक शिकवत होता, तेव्हा त्याचा मुक्काम याच कॉलेजात असे. इथल्या वास्तव्यात त्याने नव्या कराराच्या ग्रीक पाठावर काम केलं; ती आवृत्ती 1516 मध्ये बाझेलला छापली गेली आणि तिने युरोपच्या धर्मकारणाला मोठा हादरा दिला. त्याची त्या काळातली पत्रं मात्र तक्रारींनी भरलेली आहेत. इथली बिअर त्याला सोसवत नसे, आणि लंडनच्या मित्राकडे तो चांगल्या वाइनसाठी तगादा लावी. आवारात त्याच्या नावाचा बुरूज आहे. नदीकाठी बेझिल स्पेन्सने 1959 च्या सुमारास बांधलेली एक इमारतही त्याच्याच नावाची आहे. एवढ्या जुन्या नदीकाठावर असं आधुनिक बांधकाम उभं राहिल्यावर पुष्कळ वादंग झालं होतं.

या चौकातून पुढचं दार थेट पुलावर उघडतं.

पूल उभा कसा राहतो

लाकूड हे दाबाला आणि ताणाला, म्हणजे तंतूंच्या दिशेने रेटलं किंवा ओढलं तर, चांगलं तग धरतं. आडवं टाकून मधोमध भार दिला की मात्र वाकतं. नदीचं हे पात्र सुमारे 15 मीटर रुंद आहे. त्यावर नुसत्या तुळया टाकल्या तर त्या झोल खातील. मधे खांब उभारावेत, तर नावांची वाट अडते. अठराव्या शतकात कॅम ही मालवाहतुकीची नदी होती. कमान हवी, पण दगडी कमान महाग आणि जड. लाकडाची कमान करायची तर लाकूड गोलाईत कापावं लागतं. तसं कापलं की तंतू जागोजागी तुटतात आणि लाकडाचा जीवच जातो.

यावर काढलेला तोडगा असा. कागदावर कमानीचा गोल भाग काढा. त्या गोलाला जागोजागी स्पर्शिका काढा, म्हणजे गोलाला एकाच बिंदूत टेकून दोन्हीकडे सरळ जाणाऱ्या रेषा. या रेषा एकमेकींना छेदत जातात. प्रत्येक रेषेच्या जागी एक सरळसोट वासा ठेवा. एकही लाकूड वाकवलेलं नाही, गोल कापलेलं नाही, पण लांबून पाहिलं तर कमान दिसते. शाळेत वहीवर पट्टीने सरळ रेषा मारत मारत गोलाई उमटवण्याचा खेळ अनेकांनी केलेला असेल. हे तेच आहे, फक्त माणसांच्या वजनाला पेलणारं.

एवढ्याने भागत नाही. नुसते वासे एकमेकांवरून घसरतील. म्हणून त्यांना आडवे, गोलाच्या केंद्राकडे रोख असलेले, म्हणजे त्रिज्येच्या दिशेतले, जोडखांब बसवले आहेत. वासे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे हे खांब त्यांना धरून ठेवतात, आणि तेच वर जाऊन कठड्यालाही आधार देतात. पुलाकडे बाजूने पाहिलं की पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले जे तिरके खांब दिसतात, ते हेच. वासे आणि खांब मिळून त्रिकोण तयार होतात, आणि त्रिकोणाचं वैशिष्ट्य असं की बाजू तुटल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. चौकोन दाबला तर कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही.

पुलाचं गणित मांडून पाहिलं तर स्पर्शिकेच्या दिशेतले वासे जवळजवळ पूर्णपणे दाबाखाली असतात आणि त्रिज्येच्या दिशेतले खांब जवळजवळ पूर्णपणे ताणाखाली. वाकण्याचा ताण फारच थोडा. म्हणजे लाकडाला जे जमतं तेवढंच काम त्याच्याकडून घेतलेलं आहे. माझ्या मते हीच या पुलाची सगळ्यात मोठी हुशारी. याला गणिती पूल म्हणतात खरं, पण कॉलेज त्याला साधं ‘लाकडी पूल’ म्हणत आलं आहे.

सुतार कोण होता

आराखडा विल्यम एथरिजचा, 1748 चा. तो व्यवसायाने सुतार. त्या वर्षांत लंडनला थेम्सवर दगडी वेस्टमिन्स्टर पूल उभा राहत होता. दगडी कमान बांधताना शेवटचा दगड बसेपर्यंत ती स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. तोवर तिच्याखाली लाकडी सांगाडा लागतो. आपल्याकडचे गवंडी ज्याला सेंटरिंग म्हणतात तेच. वेस्टमिन्स्टरच्या कमानींचं सेंटरिंग जेम्स किंग नावाच्या सुताराने रचलं होतं आणि एथरिज त्याच्या हाताखाली होता. किंगच्या मृत्यूनंतर ते काम एथरिजकडे आलं.

क्वीन्सचा पूल म्हणजे एका परीने त्या सेंटरिंगचंच कायमस्वरूपी रूप. कमान पूर्ण झाल्यावर जो सांगाडा काढून टाकायचा, तोच पूल म्हणून ठेवायचा. कल्पना आकाशातून पडलेली नाही, थेम्सच्या पात्रात हजारो दगड पेलून तिची कसोटी आधीच लागली होती.

प्रत्यक्ष बांधणी धाकट्या जेम्स एसेक्सने 1749 मध्ये केली. तो केंब्रिजचाच, तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचा. पुढे त्याने शहरात पुष्कळ कामं केली. क्वीन्समध्येच नदीकाठची एक इमारत त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि ट्रिनिटी कॉलेजचा दगडी पूलही त्याचाच. या पद्धतीचा आणखी एक लाकडी पूल एसेक्सने थोडं पुढे, आज जिथे गॅरेट हॉस्टेल पूल आहे तिथे, बांधला होता.

एथरिजचं सगळ्यात मोठं काम मात्र वेगळंच. वॉल्टन इथे थेम्सवर त्याने अशाच रचनेचा बराच मोठा पूल उभारला, तो 1750 मध्ये पूर्ण झाला. व्हेनिसचा चित्रकार कॅनालेट्टो तेव्हा इंग्लंडात होता; 1754 मध्ये त्याने त्या पुलाचं चित्र काढलं. पूल काही दशकांतच पाडावा लागला. चित्र लंडनच्या डलिच पिक्चर गॅलरीत आहे. लंडनला चाललाच असाल तर केंब्रिजच्या आधी ते पाहून घ्या, क्वीन्सच्या पुलाचा मोठा भाऊ कसा दिसत होता ते कळेल.

ओक गेला, साग आला

आज आपण ज्यावर पाय ठेवतो, त्यातलं लाकूड 1749 चं नाही. मूळ पूल ओकचा होता आणि त्याच्यावरून जायला पायऱ्या होत्या. 1866 च्या दुरुस्तीत पायऱ्यांच्या जागी उतार केला, म्हणून चाकं असलेलं काहीही ढकलत नेणं सोपं झालं. पावसाने आणि नदीच्या ओलीने ओक कुजत गेलं तेव्हा 1905 मध्ये सगळा पूल नव्याने, जुन्याच आराखड्याबरहुकूम, सागवानात बांधला. सागाची महती मराठी माणसाला सांगायला नको.

दंतकथेची गाठ इथेच सुटते. मूळ पुलात लोखंड होतंच. जाड खिळे बाहेरच्या अंगाने ठोकलेले होते, त्यामुळे पुलावरून चालणाऱ्याला ते दिसत नसत. 1905 मध्ये त्यांच्या जागी नट-बोल्ट आले आणि ते सगळ्यांना दिसू लागले. आधी दिसत नव्हतं ते आता दिसतंय, म्हणजे मधे काहीतरी बिघडलं असणार, असा निष्कर्ष लोकांनी काढला असावा. उरलेलं काम न्यूटनच्या कीर्तीने केलं. एथरिज चीनला जाऊन ही विद्या शिकून आला, अशीही एक आवृत्ती आहे. तिलाही आधार नाही. इतक्या जड लाकडांचा पूल नुसत्या गंमतीखातर चार पोरांनी खोलावा, हेच मुळात कसं शक्य आहे? एकेक वासा उचलायला किती माणसं लागतील याचा विचार गोष्ट सांगणारा करत नाही.

मोठ्या नावाला सगळं श्रेय चिकटतं, हे आपल्यालाही नवं नाही. हेमाडपंताच्या नावावर जमा असलेली देवळं मोजली तर त्याला दुसरं काही करायला सवड मिळाली असेल का, अशी शंका येते.

मराठी माणसांच्या खुणा

‘गणिती’ म्हणून केंब्रिजची महाराष्ट्रात जी ओळख झाली, ती पुलामुळे नाही, रँग्लरांमुळे. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे रँग्लरांच्या यादीत पहिले, ठरले; तो मान मिळवणारे पहिले भारतीय. त्यांचं कॉलेज सेंट जॉन्स, याच नदीवर थोडं खाली. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांचं न्यूनहॅम कॉलेज तर क्वीन्सपासून चालत काही मिनिटांवर आहे. मुलींनी परीक्षा दिली तरी पूर्ण पदवी द्यायची नाही, हा केंब्रिजचा नियम 1948 पर्यंत टिकला. शकुंतलाबाई त्याच काळातल्या.

क्वीन्सच्या शेजारचं किंग्ज कॉलेज जयंत नारळीकरांचं. 1957 मध्ये ते केंब्रिजला शिकायला गेले, फ्रेड हॉईल यांच्याबरोबर संशोधन केलं आणि किंग्जचे फेलो झाले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्रातलं एक नगर केंब्रिज आहे. जाण्याआधी ते वाचलं तर चौकांना आणि बोळांना माणसं मिळतात.

जायचं असेल तर

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून जलद गाडीने केंब्रिजला पोचायला सुमारे पन्नास मिनिटं लागतात. स्टेशनपासून क्वीन्स दोनेक किलोमीटरवर आहे. बस मिळते, पण पायी जाणंच बरं.

पूल फुकटात पाहायचा तर सिल्व्हर स्ट्रीटच्या रस्त्याच्या पुलावर उभं राहायचं. सूर्य पाठीशी असतो, फोटो चांगला येतो, आणि गर्दीही तेवढीच असते. तिथून रचना बाजूने दिसते. स्पर्शिका आणि त्रिज्या ओळखण्यासाठी हीच जागा योग्य. पुलावरून चालायचं असेल तर तिकीट काढून कॉलेजात जावं लागतं. मग पुलाच्या मधोमध थांबून कठड्याबाहेर वाकून सांधे जरूर पाहा. बोल्ट मोजण्याच्या फंदात पडू नका, मागची माणसं खोळंबतात. पलीकडच्या काठाला विसाव्या शतकातल्या इमारती आहेत. विद्यार्थी जुन्या बाजूला ‘अंधारी’ आणि नव्या बाजूला ‘उजेडी’ म्हणतात. वास्तुकलेची खास आवड नसेल तर उजेडी बाजूला फार वेळ घालवू नये.

नावेतून जायचं तर सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलापासूनच नावा सुटतात. सपाट तळाची नाव, मागे उभं राहून लांब काठीने रेटायची. स्वतः चालवायची हौस असेल तर कपड्यांचा एक जोड जवळ ठेवा. काठी चिखलात रुतली की ती सोडून द्यायची, नाव सोडायची नाही. प्रवाहाबरोबर खाली जाताना एकामागून एक पूल लागतात: क्लेअरचा 1640 चा, आज उभा असलेला सगळ्यात जुना, एसेक्सचा ट्रिनिटीचा, आणि शेवटी सेंट जॉन्सचा 1831 चा, छताने झाकलेला, व्हेनिसच्या पुलाचं नाव मिरवणारा. फोटो त्याचे जास्त निघतात. रचना म्हणून पाहिलं तर तो क्वीन्सच्या पुलाच्या जवळपासही येत नाही.

कॉलेज पाहुण्यांसाठी वर्षभर खुलं नसतं. परीक्षांच्या दिवसांत, साधारण एप्रिलपासून जूनपर्यंत, बरीच कॉलेजं पूर्ण किंवा अंशतः बंद असतात, आणि नेमका तोच आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीतल्या सहलींचा हंगाम. विमानाचं तिकीट काढण्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावर तारखा आणि वेळा पाहून घ्या.